बिनगव्हाच्या चकोल्या जमतील का?

रानजाई
गेल्या पावसाळ्यात मला सीलिअ‍ॅक निघालं, म्हणजे गहू, जव, राय यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आतड्याला बाधतं तो आजार. हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं वर सरकत नव्हतं, लोहाच्या गोळ्या खाऊन वीट आला होता. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी टीटीजीची, म्हणजे या आजाराची खूण रक्तात शोधणारी तपासणी करायला लावली, मग एंडोस्कोपी झाली आणि निदान पक्कं झालं. गहू, जव, राय हे सगळं आता जन्मभर बंद.

पोळी सुटल्याचं फार दुःख नाही. माहेर लातूरकडचं, त्यामुळे भाकरीची सवय आहे. पाव-बिस्किटांचंही काही अडलं नाही. अडलंय ते चकोल्यांपाशी.

काही जण याला वरणफळं म्हणतील. आमच्याकडे तुरीचं वरण पातळसर, त्यात चिंच-गूळ, काळा मसाला आणि लसणाची खमंग फोडणी. कणकेत हळद, तिखट, ओवा घालून जाडसर पोळी लाटायची, सुरीनं तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि उकळत्या वरणात एकेक सोडायचे. ताटलीत वाढल्यावर वर तूप आणि कच्चा कांदा. घरात कुणाचा ताप उतरला की हे ठरलेलं. पावसात भाजी आणायला बाहेर पडायचा कंटाळा आला तरी हेच.

आता अडचण. नुसतं ज्वारीचं पीठ कोमट पाण्यात मळून तुकडे सोडले तर पाच मिनिटांत विरघळून वरणाचं पिठलं होतं. दुकानातला तयार ग्लूटेनमुक्त आटा आणला, त्याचे तुकडे टिकले, पण चावताना खोडरबर. चवही कसलीतरी गोडसर. कुणाला जमलंय का? आणि या पदार्थात आणखी कुठे गहू दडलेला असू शकतो, तेही सांगा. नवीन आहे मी यात.

तिखटजाळ
उकड काढा. बाकी काही नाही.

गव्हाच्या कणकेत ग्लूटेनची जाळी असते, ती पिठातला स्टार्च धरून ठेवते. म्हणून कच्चा तुकडा उकळत्या वरणात पडला तरी फुटत नाही. ज्वारीत ती जाळीच नाही. तेव्हा स्टार्च आधीच शिजवून चिकट करून घ्यावा लागतो. आमच्या सोलापूरकडे भाकरीचं पीठसुद्धा बायका उकळत्या पाण्यात भिजवतात ते याचसाठी.

वाटीभर पाणी, मीठ, चमचाभर तेल, हळद, तिखट, ओवा. पाणी खळखळ उकळलं की तेवढीच वाटी पीठ एकदम ओतायचं, उलथन्याच्या दांड्यानं ढवळायचं, झाकण ठेवून बारीक गॅसवर दोन मिनिटं वाफ द्यायची. मग हाताला जेमतेम सोसेल इतकं गरम असताना पाण्याचा हात घेऊन रगडून मळायचं. गार झाल्यावर मळलंत तर चिरा पडणारच. पीठ मालदांडीचं मिळालं तर उत्तम. मंगळवेढ्याची असेल तर प्रश्नच मिटला (होय, आमच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि होय, मी हे प्रत्येक धाग्यावर सांगतो).

घाटपांडे_नव्हे
राग मानू नका, पण हे ग्लूटेन प्रकरण आत्ता आत्ता ऐकायला येतंय. आपल्या आज्यांनी जन्मभर गहू खाल्ला. महिन्यातून एकदा वाटीभर चकोल्या खाल्ल्या तर काय बिघडणार आहे? इतकं काटेकोर राहून माणूस जगायचं विसरतो.

पथ्यपाणी
घाटपांडे_नव्हे, राग नाही, पण हे वाचून कुणी खरंच वाटीभर खाईल म्हणून लिहिते. आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, असे रुग्ण रोज बघते.

सीलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजतात. रानजाईंचं लोह अंगी लागत नव्हतं ते याचमुळे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन काही महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. एका मध्यम पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन धरा. म्हणजे पोळीचा साधारण पन्नासावा भाग. चिमटीत मावेल एवढा. आणि पोट दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही असंही नसतं. रानजाईंचं पोट कुठे दुखत होतं?

'आत्ता आत्ता'बद्दल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. त्या दुष्काळात सगळे खंगत असताना या आजाराची मुलं उलट सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. १९५० मध्ये त्यानं यावर प्रबंध लिहिला. आज्यांच्या काळातही हा आजार होताच. अशा मुलांना 'अंगी लागत नाही' म्हणायचे आणि सोडून द्यायचे. दिल्ली परिसरातल्या पाहणीत शंभरात साधारण एकाला हा आजार सापडला आहे. दक्षिणेत प्रमाण बरंच कमी.

आता मूळ प्रश्न, आणखी कुठे गहू दडलाय. उत्तर फोडणीत आहे: हिंग!

शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारात येतो तो बहुतेक बांधणी हिंग, म्हणजे पीठ आणि डिंक घालून सौम्य केलेला. ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैदा. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तांदळाचं पीठ वापरणारे हिंगही मिळतात, शोधून घ्या. खडा आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, बांधणी हिंगाचेही खडे विकतात. आणि विकतच्या काळ्या मसाल्यात, गोड्या मसाल्यात हाच हिंग असतो.

रानजाई
बापरे. ज्वारीची भाकरी आणि साधं वरण हेच मी सगळ्यात सुरक्षित समजून रोज खातेय. हिंगाची डबी आत्ता पाहिली. 'गव्हाचे पीठ' असं स्पष्ट लिहिलंय, डिंकाच्या आधी.

सातासमुद्रापार
मी लीड्सला असतो. बायकोला हाच आजार आहे, त्यामुळे आमच्याकडे या चकोल्या होतात. तिखटजाळ यांच्या उकडीला दोन पुरवण्या.

एक, पीठ ताजं हवं. इथे मिळणारं ज्वारीचं पीठ कधी दळलेलं असतं देव जाणे. त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते, उकड काढूनही तुकडे भुसभुशीत राहतात. तसं असेल तर वाटीला एक चमचा इसबगोल घाला. पिठात कोरडाच मिसळा, मग उकळतं पाणी. चव लागत नाही, पण पीठ धरून राहतं आणि पोळपाटावर लाटताही येतं. जास्त घातलात तर बुळबुळीत होईल. झँथन गमही (पीठ बांधून ठेवणारी पूड) वापरून पाहिला, मला तुकडे लिबलिबीत वाटले.

दोन, वाटीत दोन चमचे तांदळाचं पीठ असू द्या. नुसत्या ज्वारीच्या चकोल्या घशात किंचित कोरड्या लागतात.

हळदकुंकू
आमच्याकडे खपली गहू मिळतो. जुनं देशी वाण, त्यात ग्लूटेन कमी असतं म्हणतात. त्याच्या चकोल्या चालतील ना?

पथ्यपाणी
नाही. खपली हा गहूच आहे. मधुमेही लोक आवडीनं खातात तो भाग वेगळा, सीलिअ‍ॅकमध्ये अजिबात चालत नाही. दलिया, रवा, शेवया, कुरडया हेही गव्हाचेच, हे सांगायला नको पण सांगते, कारण कुरडईचा चीक गव्हाचा असतो हे शहरातल्या नव्या मुलींना माहीत नसतं. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. मेतकुटात असतो. सातूच्या पिठात असतो. 'मल्टीग्रेन' लिहिलेल्या आट्यात तर सगळ्यात जास्त गहूच असतो.

पिठाची_गिरणी
पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो. आमची तालुक्याच्या गावी गिरणी आहे, आजोबांपासून.

ज्वारी घरून नेली आणि गिरणीतून दळून आणली तर ते पीठ निव्वळ ज्वारीचं नसतं. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दोन्ही दगडांच्या मध्ये राहतो, वरच्या डब्याच्या कोपऱ्यांत राहतो, पीठ पडतं तिथे लावलेल्या कापडी नळीत तर थर असतो. तुमच्या डब्यात पहिलं मूठ-दोन मूठ पीठ दुसऱ्याचंच पडतं. बाकीच्यांना फरक पडत नाही म्हणून कुणी बोलत नाही. ज्वारीसाठी वेगळी चक्की आहे असं सांगणारे असतात, पण त्याच चक्कीवर सणासुदीला गर्दी झाली की गहू टाकतातच. माझ्या धंद्याचंच सांगतोय.

घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. तेवढं जमत नसेल तर ज्याच्यावर 'ग्लूटेनमुक्त' असं छापलंय तेच पाकीट घ्या. आणि ज्वारी निवडून घ्या. पोत्यात गव्हाचे दाणे येतातच, कारण वखारीत दोन्ही धान्यं शेजारी असतात.

पथ्यपाणी
पिठाची_गिरणी, हे लिहिल्याबद्दल तुमचे फार आभार. रुग्णांना मी हे सांगते तेव्हा त्यांना अतिशयोक्ती वाटते, आता हा धागाच दाखवेन. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गिरणीतलं पहिलं मूठभर पीठ त्या हिशेबात कुठेच बसणार नाही.

कुळागर
चकोल्यांचं आम्हाला कौतुक नाही (गोंयकार), पण एक सुचवते. गव्हाची नक्कल करायचा हट्टच का? तुमच्याच मराठवाड्यात उकडशेंगोळे आहेत की. ज्वारीचं पीठ, लसूण, तिखट, उकळत्या फोडणीच्या पाण्यात सोडलेले. माझ्या जावेकडे खाल्लेत, झकास लागतात. त्याला कुणी 'बिनगव्हाचे' म्हणत नाही, ते तसेच असतात. आमच्याकडे कुळथाची पिठी आणि उकडा भात. पावसात तेच औषध.

जुन्नरी
शेंगोळ्यांना +१. आमच्याकडे हुलग्याचे. पण सावधान, बहुतेक घरांत वळताना तुटू नयेत म्हणून त्यात मूठभर कणीक घालतात आणि विचारलं तर 'हुलग्याचेच आहेत' म्हणून सांगतात. कणकेऐवजी ज्वारीचं पीठ घालून कढत पाण्यात मळले तरी वळता येतात, फक्त बारीक करू नका, करंगळीएवढे जाड ठेवा.

रानजाई
कुळागर, तुमचं म्हणणं पटतं आणि पटतही नाही. उकडशेंगोळे मी करते, आवडतात. पण तो वेगळा पदार्थ आहे. मला आंबटगोड वरणात बुडलेलं तेच हवंय, भले धान्य दुसरं असो.

दरम्यान, वेगळा हिंग आणि ग्लूटेनमुक्त छापलेलं पीठ आणून उकडीच्या चकोल्या केल्या. तुकडे टिकले! तिखटजाळ, तुमची मंगळवेढ्याची जाहिरात यापुढे माफ. चवीला ज्वारी कळते, पण लसूण-तिखटाशी तिचं चांगलं जमतं. तरीही काहीतरी कमी होतं. बराच वेळ कळेना. मीठ, गूळ, चिंच, सगळं बरोबर होतं.

मग आईला फोन लावला. ती म्हणाली, "वरण मिळून आलं नसेल." बरोबर होतं तिचं. कणकेची पोळी लाटताना परथण लावतात ना, ती तुकड्यांबरोबर वरणात उतरते आणि वरण दाट, मऊ होतं. माझ्या उकडीच्या तुकड्यांना परथण नव्हती, त्यामुळे वरण एकीकडे आणि चकोल्या एकीकडे. लहानपणापासून मला आवडायचं ते बहुधा ते वरणच, तुकडे निमित्ताला. पुढच्या वेळी तांदळाची पिठी भरपूर लावून लाटलं आणि चमचाभर पिठी पाण्यात कालवून वरणात सोडली. आता झालं ते आईच्या जवळपासचं. नवऱ्यानं दोनदा वाढून घेतलं, आणि त्याला पथ्य नाही.

अजून एक लक्षात आलं. ज्वारी पाणी फार पिते. वरण नेहमीपेक्षा बरंच पातळ ठेवा, आमटीहूनही पातळ. तुकडे खळखळत्या वरणातच सोडा आणि पहिली तीन-चार मिनिटं डाव अजिबात घालू नका. नंतर पातेलं नुसतं हलवायचं. सात-आठ मिनिटांत होतात.

तिखटजाळ
परथणीचं डोक्यातच आलं नव्हतं. मानलं तुमच्या आईंना.

सातासमुद्रापार
वा! आमच्या वरणात काय कमी असतं हे इतक्या वर्षांनी कळलं. आज करतोच. एक सूचना: उरवू नका. गार झाल्यावर ज्वारीचे तुकडे दगड होतात. उरल्याच तर गरम पाणी घालून झाकून उकळा, नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये नको. डब्यात न्यायच्या असतील तर तुकडे चाळणीत वाफवून वेगळे न्यायचे आणि खाताना गरम वरणात टाकायचे.

सुगरणसून
पोळपाट-लाटणं वेगळं घेतलंत का? घरात बाकीचे गहू खात असतील तर ते आधी. लाकडाच्या चिरांत कणीक बसते, धुऊन जात नाही. पिठाची चाळणीही वेगळी हवी. स्टीलची भांडी नीट घासली की पुरतं.

रानजाई
पोळपाट-लाटणं, चाळणी, तवा, सगळं वेगळं घेतलंय. लाटण्याला लाल दोरा बांधलाय. आता नवी पंचाईत. आई राहायला आलीय आणि तिला हे सगळं सोवळ्यासारखं वाटतं. "माझ्या हातची कणीक तुला बाधते होय?" असं डोळ्यांत पाणी आणून विचारते. तिला मिलिग्रॅम काय सांगणार?

हळदकुंकू
आईंना स्वयंपाकघरातून बाजूला करू नका, उलट चकोल्यांचं खातंच त्यांच्याकडे द्या. आमच्या सासूबाईंना मधुमेहाच्या पथ्याचं असंच झालं होतं. गोडाचं काय चालतं ते शोधून काढायचं काम त्यांच्यावर सोपवलं, मग आम्हालाच दटावायला लागल्या.

पथ्यपाणी
आणि रानजाई, आईंची तपासणी झालीय का? रक्ताच्या जवळच्या नात्यात, म्हणजे आईवडील, सख्खी भावंडं, मुलं, यांच्यात साधारण दहात एकाला हा आजार सापडतो. त्रास नसला तरी टीटीजी करून घ्यावी. मात्र तपासणीआधी गहू बंद करायचा नाही, नाहीतर आजार असूनही निकाल चांगला येतो.

रानजाई
दोन्ही केलं. आईची तपासणी नॉर्मल आली, भावाची अजून व्हायचीय, तो सुईला घाबरतो. आणि काल चकोल्या आईनं केल्या, लाल दोऱ्याच्या लाटण्यानं. उकड माझ्यापेक्षा दुप्पट वेळ मळली, इसबगोलाची पुडी बघून "हे जुलाबाचं औषध वरणात कशाला" म्हणून बाजूला सारली. आणि तिला गरजही पडली नाही. तुकडे माझ्यापेक्षा पातळ आणि तरी अख्खे. म्हणजे इसबगोल ऐच्छिक, मनगट अनिवार्य.

कुणी शोधत आलं तर तिचं प्रमाण: एक वाटी ज्वारीचं पीठ, दोन चमचे तांदळाची पिठी, एक वाटीला किंचित जास्त पाणी. लाटताना वर पिठी सढळ हातानं. डाळ पाऊण वाटी, शिजल्यावर घोटून त्यात पाच-सहा वाट्या पाणी. हिंग आता घालतच नाही, लसूण वाढवलाय.

घाटपांडे_नव्हे
वरचा माझा प्रतिसाद आगाऊ होता, राहू द्या तसाच. बायकोनं हा धागा वाचला आणि आज घरात ज्वारीच्या चकोल्या झाल्या. चांगल्या लागल्या. विचारायचं होतं, मेहुणीच्या मुलाची उंची वाढत नाही, लोह कमी, पोट सारखं बिघडतं. यात हे असू शकतं का?

पथ्यपाणी
असू शकतं, इतर कारणंही असू शकतात. बालरोगतज्ज्ञांना टीटीजीबद्दल विचारायला सांगा. तोवर गहू चालू ठेवायचा, हे विसरू नका.

सुगरणसून
होळी येतेय. पुरणपोळीचं काय करायचं?

रानजाई
तिच्या वाटेला मी जाणार नाहीये. ज्वारीची केलेली पाहिली, तांदळाची पाहिली, पुरण भरलेली भाकरी होते ती. मी वाटीत पुरण घेऊन वर तूप ओतणार, सोबत कटाची आमटी आणि भात. कुणाला खरंच पातळ पोळी जमली असेल तर वेगळा धागा काढा, फोटोसकट. इथे नको, हा चकोल्यांचा आहे.